मदत हवी आहे: घरातील वस्तूंच्या नोंदीचे ॲप, पहिल्या आवृत्तीत काय असावे?

नमस्कार. मी ऐरोलीतील एका कंपनीत डेटाबेसचे काम करते. मोबाइल ॲप मात्र आजवर एकही केलेले नाही. घरापुरते एक अँड्रॉइड ॲप करायला घेतले आहे आणि पहिल्या आवृत्तीचा आराखडा आखतानाच काही ठिकाणी अडले आहे. ज्यांनी साठ्याच्या नोंदींची ॲप्स केली आहेत, किंवा ज्यांच्या घरी अशी नोंद वहीत का होईना पण नेटाने ठेवली जाते, अशा दोघांचेही मार्गदर्शन हवे आहे.

नौपाड्यातील आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करून द्यावी लागली आणि आम्ही मानपाड्याजवळ भाड्याच्या घरात राहायला आलो. ३२ वर्षांचा संसार ४३ खोक्यांत भरला. जुन्या घरात कोणतीही वस्तू सासूबाईंना विचारली की उत्तर तयार असे: माळ्यावर, डाव्या हाताला, पत्र्याच्या निळ्या पेटीत, चादरींच्या खाली. या घरात माळाच नाही, आणि ती निळी पेटी आता दिवाणात गेली आहे. त्यांना तोंडपाठ असलेला तो सगळा हिशेब एका दिवसात निरुपयोगी झाला, आणि याचे त्यांना किती वाईट वाटते हे मी रोज पाहते. गौरींचे मुखवटे आवाहनाच्या आदल्या रात्री साडेअकरा वाजता सापडले, तेही ‘स्वयंपाकघर, इतर’ असे लिहिलेल्या खोक्यात. ॲपची कल्पना त्या रात्रीची आहे.

त्यामुळे पहिल्या आवृत्तीने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे असे माझे ठाम मत आहे: अमुक वस्तू कुठे आहे? यजमानांना वॉरंटी आणि बिलांची नोंद हवी आहे. थर्मल कागदावरची बिले काही काळाने फिकी पडत कोरी होतात, म्हणून त्यांचे म्हणणे रास्तच आहे; पण त्यासाठी वस्तूच्या नोंदीला बिलाचे छायाचित्र जोडता आले की तूर्त पुरे. मुलाला बारकोड हवा आहे. तो मी बाजूला ठेवला आहे, कारण किराण्याच्या पुड्यावरील १३ अंकी बारकोड फक्त ते उत्पादन कोणते एवढेच सांगतो, त्यातून मुदत कधी संपते हे कळत नाही. शिवाय समई, पाट, चौरंग आणि गरम कपडे यांवर बारकोड नसतोच.

आता मुख्य अडचण. मी आधी दोन तक्ते आखले होते, एक वस्तूंचा आणि एक जागांचा. जागेच्या प्रत्येक नोंदीत ती कोणत्या मोठ्या जागेत आहे याचा क्रमांक, म्हणजे खोली, तिच्यात कपाट, कपाटात खण, अशी उतरंड तयार होते. खोके एका खोलीतून दुसरीकडे हलवले तर एकच नोंद बदलावी लागते आणि आतल्या सर्व वस्तू आपोआप त्याच्याबरोबर जातात, हा याचा मोठा फायदा. एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे फोनमधल्याच छोट्या डेटाबेसमध्ये, अशी उतरंड एकाच क्वेरीत वाचण्याची सोय २०१४ पासून आहे, त्यामुळे तांत्रिक भीती नाही. परंतु प्रत्यक्ष घरात वस्तू आणि जागा यांतील सीमारेषाच टिकत नाही. सुटकेस ही वस्तू आहे, ती शेजारी मागून नेतात. आणि उरलेले अकरा महिने ती स्वेटर ठेवण्याची जागा आहे. पितळी डबा ही सासूबाईंच्या माहेरची वस्तू आहे आणि त्यात राख्या व जुनी नाणी आहेत. मग दोन्हींसाठी एकच तक्ता ठेवून प्रत्येक वस्तूच्या आत वस्तू ठेवू द्यावी का? तसे केल्यास पुढे काही त्रास होतो का?

दुसरी अडचण संख्येची. सहा वाट्यांची एक नोंद असावी की सहा? दोन वाट्या नणंदेकडे गेल्या तर त्या एका नोंदीचे दोन ठिकाणी तुकडे होतात. आमच्याकडे स्टीलच्या बहुतेक भांड्यांवर नाव आणि तारीख घातलेली आहे, कोणी कोणत्या कार्याला दिले ते भांडेच सांगते. ही आपल्या घरांतील जुनी आणि उत्तम नोंदपद्धत आहे. त्या मजकुरासाठी वेगळा रकाना ठेवावा, असे मला मनापासून वाटते. ‘मावशीने दिलेले पातेले’ असा शोध घेता आला पाहिजे.

तिसरी गोष्ट छायाचित्रांची. अँड्रॉइडची आपोआप होणारी बॅकअप सोय एका ॲपला २५ एमबीपर्यंतच मिळते आणि काही शे छायाचित्रांत ती मर्यादा सहज ओलांडली जाईल. दागिन्यांची नोंद ठेवायची नाही आणि ॲपला इंटरनेटची परवानगीच मागायची नाही, हे मी ठरवून टाकले आहे; घरात काय कुठे आहे याची यादी फोनबाहेर आपोआप जाता कामा नये. पण मग फोन हरवला तर? आणि घरातील तीन फोनांवर एकच यादी कशी ठेवावी?

प्रतिसाद

एकच तक्ता ठेवा, ताई. आम्ही गोदामाच्या प्रणालीत दोन ठेवले होते आणि वर्षभरात त्या दोन्हींना जोडणाऱ्या पळवाटा काढत बसलो. एकच काळजी घ्या: खोके स्वतःच्याच आतल्या पिशवीत ठेवल्याची नोंद कोणी केली तर उतरंडीचे चक्र होते, म्हणून जागा बदलताना वरपर्यंत तपासणी करा. वाट्यांची नोंद एक आणि संख्या सहा ठेवा. दोन बाहेर गेल्या तर त्या वेळी नोंद विभागा, आधी नको. तीन फोनांचा विचार पहिल्या आवृत्तीत करू नका, मात्र नोंदींना १, २, ३ असे चढते क्रमांक न देता प्रत्येकीला यूयूआयडी (दुसऱ्या फोनवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा लांबलचक ओळख-क्रमांक) द्या आणि काढून टाकलेली नोंद खरोखर न पुसता तिच्यावर केवळ खूण करा. पुढे दोन फोनांच्या याद्या एकत्र करायच्या झाल्या तर एवढ्या दोन गोष्टींमुळे ते शक्य राहते.

फोन हरवण्याच्या भीतीवर यादी आणि छायाचित्रे एका झिप फाइलमध्ये बाहेर काढता येणे हा साधा उपाय आहे. सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी फाइल) देणार असाल तर त्या यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे लिपीची सांकेतिक पद्धत ओळखायला मदत करणारी खूण, घाला; नाहीतर एक्सेलमध्ये देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हे दिसू शकतात. आणि शोधासाठी एफटीएस५ (एसक्यूलाइटची शब्दशोधाची सोय) वापरायचा मोह झाला तर त्याचा मूळ टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, तपासून घ्या, कारण तो अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो, मात्रा-वेलांट्या वेगळ्या वर्गात मोडतात आणि मराठी शब्द मध्येच तुटतो. दोन-तीन हजार नोंदींना एसक्यूएलमधला साधा लाइक (LIKE) शोध पुरतो.

प्रतिसाद

मी संगणकातील नाही, वाशीला राहते आणि दोन वेळा घर बदलले आहे. खोक्यावर ‘इतर’ हा शब्द कधीही लिहू नये. खोक्याला फक्त क्रमांक द्यावा, तो वर एकदा न लिहिता चारही बाजूंना लिहावा, म्हणजे एकावर एक रचली तरी दिसतो, आणि आत काय आहे ते वहीत. तुमच्या ॲपमध्ये नोंद करायला वस्तूमागे अर्धा मिनिट लागला तर दहाव्या वस्तूला माणूस कंटाळतो. आधी खोके निवडायचे आणि मग त्यातील वस्तूंची नावे एकापाठोपाठ सांगत जायचे, असे जमेल का? आणि सासूबाई ज्या शब्दाने वस्तू शोधतात तोच शब्द नोंदीत हवा. आमच्याकडे एकाच भांड्याला मी गंज म्हणते आणि सूनबाई पातेले.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. एकच तक्ता, यूयूआयडी आणि झिप फाइल हे स्वीकारले. गंज आणि पातेले यांचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. प्रत्येक नोंदीला ‘दुसरी नावे’ हा रकाना आता पहिल्याच आवृत्तीत असेल, आणि मुलाने रोमन लिपीत लिहिलेले ‘डबा’ही त्यात बसेल. आधी खोके उघडून मग नावे सांगत जाण्याची रीतही घेते, कारण कीबोर्डवरील माइक दाबून सासूबाई मराठीत सहज बोलतात.

अजून २९ खोकी बंद आहेत. येत्या रविवारी त्यांपैकी तीन सासूबाईंच्या हाताने उघडून कागदावरच या आराखड्याची चाचणी घेणार आहे, कोड त्यानंतर. एक प्रश्न मात्र राहतो: वस्तू हलवली पण नोंद बदलली नाही, असे रोज होणार. शेवटची नोंद किती जुनी आहे हे शोधाच्या उत्तरात दाखवले तर ते उपयोगी पडते का, कोणी करून पाहिले आहे का?