नोकरी गेल्यानंतर सोलापुरात दुचाकी दुरुस्ती आणि स्पेअर पार्टचे दुकान : भांडवल कशात घालावे?

प्रश्न (माजी फिटर)

नमस्कार. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी देखभाल विभागात फिटर होतो. मालाचा उठाव कमी झाल्याने कामगार कमी करण्यात आले आणि त्यात माझीही नोकरी गेली. घरच्या व शेजाऱ्यांच्या दुचाकींची ब्रेक, केबल, चेन-सेट अशी कामे मी पूर्वीपासून करत आलो आहे. मात्र इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधण्याचा सराव नाही. ग्रॅच्युइटी आणि इतर हिशेब मिळून सुमारे ४ लाख रुपये हाती येतील. विजापूर रस्त्याच्या बाजूला एक गाळा पाहिला आहे. मजुरीपेक्षा पार्टच्या विक्रीत कमाई खात्रीची असते, असे आमच्या मेहुण्यांचे मत असल्याने अडीच लाखांचा माल भरावा आणि दुरुस्ती जोडीला ठेवावी, असा विचार आहे. हे योग्य ठरेल का?

उत्तर (होटगी रस्ता गॅरेज)

दादा, माझ्या मते हा हिशेब उलटा करावा. नवीन दुकानात नुसता पार्ट विकत घ्यायला कोणी येत नाही. गाडी दुरुस्तीला येते आणि तिच्याबरोबर पार्ट खपतो. तुमचा फिटरचा हात येथे निश्चित उपयोगी पडेल, कारण बेअरिंगचा आवाज ओळखणे आणि नट किती आवळावा हे समजणे नवख्या पोराला लवकर जमत नाही. अडचण इंजिनाची नाही, तर विजेच्या कामाची आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर जवळजवळ सर्व नव्या दुचाकींत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन, म्हणजे सेन्सर व विजेच्या नियंत्रणाने इंजिनात पेट्रोल सोडणारी यंत्रणा, आले. अशा गाडीत मीटरवर इंजिनाचा दिवा लागला, तर स्कॅनर लावून दोष वाचावा लागतो आणि त्यानंतरही दोष सेन्सरचा आहे की वायरिंगचा, हे मल्टिमीटरने तपासावे लागते. अंदाजाने सेन्सर बदलत गेल्यास पैसे वाया जातात आणि गिऱ्हाईकही तुटते. त्यामुळे गाळ्याचे डिपॉझिट भरण्याआधी काही महिने एखाद्या चालत्या गॅरेजमध्ये पडेल त्या पगारावर काम करावे. इंजिनाचा सरावही तेथेच होईल.

उत्तर (पार्टविक्रेता)

वरील मताशी मी सहमत आहे, जरी माझा धंदा माल विकण्याचाच आहे. अडीच लाखांचा माल ऐकायला मोठा वाटतो, परंतु एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचे ब्रेक शू किंवा क्लच प्लेट वेगळे निघतात, आणि जे मॉडेल तुमच्या रस्त्यावर धावत नाही त्याचा पार्ट फळीवर पडून राहतो. आरंभी इंजिन ऑइल, प्लग, एअर फिल्टर, ब्रेक शू, क्लच व ॲक्सिलरेटर केबल, बल्ब आणि जास्त चालणाऱ्या दोन-तीन गाड्यांचे चेन-सेट एवढेच ठेवावे. बाकीचा पार्ट गाडी उघडल्यावर ठोक दुकानातून आणता येतो. साठ-सत्तर हजारांत हे भागावे. आणखी एक बाब अशी की, २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीच्या पार्टवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. कोणी जुना साठा स्वस्तात देऊ करत असेल, तर त्यावर जीएसटी कोणत्या दराने आकारला आहे हे पाहूनच तो घ्यावा, आणि पक्क्या बिलाशिवाय ऑइल तर मुळीच घेऊ नये.

उत्तर (निवृत्त बँक कर्मचारी)

कर्ज घेण्याचा विचार असल्यास क्रम महत्त्वाचा आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम या बँक कर्जासोबत अनुदान देणाऱ्या सरकारी योजनेत अनुदान केवळ नव्या उद्योगाला मिळते, म्हणून दुकान आधी उघडून नंतर अर्ज करण्यात अर्थ नाही. शहरी भागात सर्वसाधारण प्रवर्गातील अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के अनुदान असून स्वतःचा वाटा १० टक्के असतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आदींसाठी हेच प्रमाण २५ आणि ५ टक्के आहे. अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत अडकून राहते, त्यामुळे ती हातखर्चाला धरू नये. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, निःशुल्क आहे, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नयेत. वीसपेक्षा कमी कामगार असतील, तर दुकानाची केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. गाळ्याचा निर्णय थांबवला आहे. ओळखीची माणसे उधारी मागतील, त्यांचे काय करावे?

उत्तर (होटगी रस्ता गॅरेज)

मजुरी उधार राहिली तरी चालते, कारण ती तुमच्या हाताची आहे. पार्टचे पैसे मात्र पार्ट बसवण्याआधी घ्यावेत, मग गिऱ्हाईक सख्खा भाऊ असला तरी. जुना पार्ट फेकून न देता गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, म्हणजे बिलावर वाद होत नाही.