शिमल्यात आईला घेऊन बसने फिरता येईल का?

कृष्णाकाठ (सांगली)
मे महिन्यात आईला शिमला दाखवायचं ठरलंय. मिरजेहून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन, मग जुन्या दिल्लीहून कालक्याची गाडी आणि पुढे ती छोटी रेल्वे, इथपर्यंत जुळवलं. पण आईचे गुडघे दुखतात, आणि आमच्या सांगलीत चढ म्हणजे आयर्विन पूल! रोज टॅक्सी परवडणार नाही. बसने भागतं का? हॉटेलवाला म्हणतोय, "मॉल रोडपासून फक्त तीनशे मीटर."

माजी फौजी (सातारा)
ताई, नोकरीत असताना तिथे राहिलोय म्हणून सांगतो, त्या तीनशे मीटरवर जाऊ नका. आमच्याकडे डोंगरावरची चार भिंतीही नकाशावर राजवाड्याला चिकटलेलीच दिसते, चढायला लागलं की कळतं. हॉटेलवाल्याला विचारा, मॉलच्या वर की खाली? आणि पायऱ्या किती?

तिथे बस धावते खालच्या कार्ट रोडवर. त्याच्या वर मॉल रोड, म्हणजे मुख्य बाजाररस्ता, आणि रिजचं मोकळं मैदान, आणि पार डोक्यावर जाखू टेकडी, 2455 मीटर. मॉलवर पर्यटकांच्या गाड्या सोडत नाहीत, आणि रिक्षा तर अख्ख्या शिमल्यात नाही. कार्ट रोडवरून मॉलवर जायला पर्यटन महामंडळाची लिफ्ट आहे, दोन टप्प्यांची, मध्ये थोडं चालायचं. सीझनला संध्याकाळी रांग बघूनच दम लागतो, सकाळी जा. रात्री लिफ्ट बंद होते, तेव्हा जेवून रेंगाळू नका. खोली लिफ्टजवळची बघा, चार पैसे जास्त गेले तरी.

लोक सांगतील, चढ गाडीने करा आणि उतार पायी. आईंच्या बाबतीत ते ऐकू नका. दुखऱ्या गुडघ्याला उतारच जास्त छळतो. येतानाही लिफ्टच धरा.

लांबच्या गाड्या तुटीकंडीच्या नव्या स्टँडवर लागतात, तो शहराबाहेर. तुम्ही रेल्वेने येताय, तुम्हाला जुना बसस्टँड जवळ. तिथून बालूगंजची बस घेतली की व्हाइसरॉयचा वाडा, फक्त उतरल्यावर पुन्हा चढ आहे. कुफरी, मशोब्राला लक्कड बाजार स्टँडवरून. बस वळणावळणाने जाते, आईंना पुढची सीट द्या. जाखूला 2017 पासून रोपवे आहे. वर माकडं चष्मा पळवतात, तो पर्समध्ये ठेवा.

विट्याची लेक
गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यामुळे आमचे निम्मे पाहुणे उत्तरेतच, त्यामुळे शिमला दोनदा झालं. बॅगा घेऊन लिफ्टच्या भानगडीत पडू नका. स्टँडवर पाठीला दोर बांधलेले काश्मिरी हमाल असतात, भाव आधी ठरवायचा. आणि एचआरटीसीच्या, म्हणजे हिमाचलच्या एसटीच्या, छोट्या टॅक्सी बंदीच्या रस्त्यांवरही चालतात, सीटवर पैसे. पण भरेपर्यंत हलत नाहीत हां.

कृष्णाकाठ (सांगली)
हॉटेलवाल्याला फोन केला. मॉलच्या खाली, ऐंशी पायऱ्या! रद्द केलं. काका, कालक्याहून रेल्वेच बरी की बस?

माजी फौजी (सातारा)
आईंसाठी रेल्वे. 96 किलोमीटरला पाच तासांच्या वर लागतात, पण 102 बोगदे बघत वेळ जातो. मे आहे, आरक्षण आजच करा.