मदत हवी आहे: ग्राफीन सेन्सर सिरममध्ये सिग्नलच देत नाहीये

मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी ग्राफीन एफईटीवर (ग्राफीनच्या थराचा ट्रान्झिस्टर, तोच सेन्सर) पीएसए डिटेक्ट करतेय, म्हणजे रक्तातलं प्रथिन, प्रोस्टेट कॅन्सरचा मार्कर, नेहमीचा कटऑफ 4 नॅनोग्रॅम प्रति मिली. पायरीनवाला लिंकर (ग्राफीनला चिकटणारा जोड-रेणू) लावून पीएसए पकडणारी अँटीबॉडी बसवली, उरलेली जागा बीएसए प्रथिनाने ब्लॉक केली, आणि 100 पट पातळ पीबीएसमध्ये (क्षारांचं बफर) डिरॅक पॉइंट (ज्या गेट व्होल्टेजला करंट सगळ्यात कमी असतो तो) मस्त सरकतो पण सिरम टाकलं की काहीच कळत नाही. क्षारांमुळे डिबाय लेंग्थ (ज्या अंतरापलीकडचा चार्ज सेन्सरला जवळपास जाणवत नाही ती) 1 नॅनोमीटरच्याही खाली जाते आणि अँटीबॉडीच 10 नॅनोमीटरच्या आसपास, एवढं समजतंय. मग अ‍ॅप्टामर (पीएसएला धरणारा छोटा डीएनए/आरएनए तुकडा) घेऊ, अँटीबॉडीचे छोटे तुकडे वापरू की पीईजी पॉलिमरचा थर देऊ? सिरम पातळ केलं तर पीएसएपण कमी होणार ना, शिवाय सिरममधलं अल्ब्युमिन प्रथिन सेन्सरला चिकटतं ते वेगळंच. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सांगा, पेशंटची सॅम्पल्स हातात घ्यायच्या आधी हे जमायलाच हवं.