पंचवीस वर्षांच्या पिकअपमध्ये मोठं इंजिन बसवतोय. चूक असेल तर कारणासकट सांगा

परतवाड्याचा कास्तकार

माझ्याकडे महिंद्राची जुनी पिकअप आहे, वडिलांनी घेतलेली. आत प्यूजोच्या घराण्यातलं एक्सडीपी इंजिन, २११२ सीसी. खाली सपाटीवर गाडी अजून तक्रार करत नाही. पण आमचं निम्मं काम वरचं. किराणा, सिमेंट, पत्रे घेऊन चिखलदऱ्याच्या बाजूच्या गावांना जायचं, येताना सोयाबीन नाहीतर तूर भरून उतरायचं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर. भरली गाडी घाटाला लागली की दुसऱ्या गिअरात काळा धूर सोडत चालते, आणि मे महिन्यात दोनदा तरी थांबून बोनेट उघडावं लागतं.

मागच्या महिन्यात भंगारात निघालेल्या एका गाडीचं २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन मिळालं, बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्ससकट. अंगणातल्या कडुलिंबाखाली लोखंडी घोडी उभी केली आहे, इंजिन उचलायची चैनकुप्पी शेजाऱ्याची आणली. चुलतभाऊ ट्रॅक्टरची कामं करतो. आम्ही दोघं मिळून बसवणार.

नवी पिकअप घ्यायची तर कर्ज आलं. कापसाचा भाव कधी काय राहील ते कोणी सांगत नाही, हप्त्याची तारीख मात्र ठरलेली असते. पेरणी यंत्र, मोटारपंप, थ्रेशर, सगळं आम्ही घरीच उघडतो आणि घरीच जोडतो. मग गाडीलाच हात लावायचा नाही, असं का? ज्याला आपलं अवजार दुरुस्त करता येतं तो कास्तकार कोणाच्या दारात उभा राहत नाही, हे वडिलांनी शिकवलं आणि मला ते पटतं.

लेथवाला, दर्यापूर

बसवा भाऊ. कारणं देतो.

एक्सडीपीत डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही. हेडमध्ये एक छोटी कोठडी असते, तिथं ते पेटतं आणि आग मग खाली येते. त्या कोठडीच्या भिंती उष्णता खातात आणि ती सगळी पाण्यात जाते. म्हणून पौषातल्या पहाटे हिटर प्लगशिवाय गाडी उठत नाही आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत पाणी उकळतं. डीआयमध्ये डिझेल सरळ पिस्टनच्या वाटीत जळतं. तेवढ्याच कामाला तेल कमी लागतं, पाणीही कमी तापतं.

दुसरी गोष्ट मापाची. एक्सडीपीचा बोअर ९० मिलिमीटर, स्ट्रोक ८३. डीआयचा बोअर ८८.९, स्ट्रोक १०१.६, म्हणजे साडेतीन इंच आणि चार इंच. इंचातलं माप दिसलं की ओळखायचं, हे इंजिन इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या वंशातलं आहे. लांब स्ट्रोक, कमी फेऱ्या, खालून ओढ. तुमच्या चुलतभावाला ते परकं वाटणार नाही. पंप मेकॅनिकल, त्यामुळे तारांचा पसारा नाही. स्टार्टर, अल्टरनेटर, ऑइलचा बल्ब आणि बंद करायची केबल, एवढंच जोडायचं. कॉमनरेलचं इंजिन असतं तर मी स्वतः नाही म्हटलं असतं. त्याला त्याचा कंप्युटर, सेन्सर, सगळं लागतं. झाडाखालचं काम नाही ते.

फक्त चेसीच्या पट्ट्यावर आडवं वेल्डिंग मारू नका, तिथूनच तडा जातो. माउंटिंगची पाटी बोल्टनं कसा. आणि मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या शाफ्टची लांबी इंजिन बसल्यावर मोजा, आधी नाही. कापलेला शाफ्ट बॅलन्स करूनच लावा.

पुसदचा मेकॅनिक

लेथवाले दादा, तुम्ही इंजिनाचंच बोललात. ब्रेकचं कोण बोलणार?

पेट्रोल गाडीच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीत, व्हॅक्यूम आपोआप मिळतो, कारण तिथं थ्रॉटल असतो. डिझेलला थ्रॉटल नाही. म्हणून पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या पाठीवर. भंगारातून इंजिन आणताना अल्टरनेटर आधीच कोणीतरी काढून विकलेला असतो. मग बाजारातून साधा अल्टरनेटर येतो, बॅटरी चार्ज होते, इंजिन छान वाजतं आणि ब्रेकचं पॅडल दगडासारखं होतं. माझ्याकडे अशी गाडी आलेली आहे. मालकाला वाटत होतं ब्रेकचे लायनर खराब झालेत. दोन महिने तो तशीच चालवत होता.

शिवाय मोठं इंजिन म्हणजे पुढच्या पाट्यांवर (स्प्रिंगवर) जास्त वजन. क्लच त्या ओढीचा हवा. मागच्या अ‍ॅक्सलचं दातेरी क्राऊन-पिनियन पंचवीस वर्षं झिजलेलं, त्याला अचानक नवा जोर दिला तर भरल्या गाडीत चढावर दात जातात. त्यापेक्षा आहे तेच इंजिन बांधा. इंजिनाचे लायनर-पिस्टन, हेडचं काम, नोझल आणि पंपाचं कॅलिब्रेशन. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. तुमचं इंजिन लहान नाही, आजारी आहे.

परतवाड्याचा कास्तकार

मेकॅनिक भाऊ, अल्टरनेटर पंपासकट आहे, आत्ता जाऊन बघून आलो. पण तुम्ही सांगेपर्यंत ते बघायचं माझ्या डोक्यातही नव्हतं, हे खरं.

इंजिन बांधायचं म्हणता, तर ते दोन हजार सतरात बांधलं होतं. तेव्हापासून एकेका पार्टसाठी आठ-आठ दिवस गाडी उभी राहते. डीआयचे पार्ट तालुक्याला मिळतात. ऐन सोयाबीनच्या दिवसांत गाडी आठ दिवस उभी राहणं म्हणजे काय, ते ज्याचा माल वावरात पडला आहे त्यालाच कळतं.

धारणीचा जुना ड्रायव्हर

मी छत्तीस वर्षं घाटात गाड्या चालवल्या. परतवाडा, घटांग, सेमाडोह, धारणी. माहं मत कोणाले आवडो न आवडो, सांगतो.

सगळे चढायचंच बोलून राहिले. चढताना गाडी बंद पडली तर काय होते? चाकाखाली गुटका लावा, थांबा, पाणी टाका. जीव जात नाही. जीव जाते उतरताना.

आमच्या उस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलं होतं, ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतर. भाऊ, तुह्यी गाडी आज दुसऱ्यात चढते. म्हणून तू दुसऱ्यात उतरतो. तुले वाटते इंजिन कमजोर हाय, पण त्याच कमजोर इंजिनानं तुले पंचवीस वर्षं हळू उतरवलं. उद्या नवं इंजिन तिसऱ्यात चढल. मग तू उतरशीन कशात? तिसऱ्यात. माल तेवढाच, ड्रम तेच, लायनर तेच, वेग मात्र जास्त. चाळीसच्या जागी साठ झाले तर थांबवायचा जोर दीडपट नाही लागत, सव्वादोनपट लागते. वेगाचा वर्ग होते ना. तो सगळा जोर ड्रममधी उष्णता होऊन बसते. मंग एका वळणावर पॅडल खाली जाते आन् गाडी थांबत नाही.

मी असं वळण पाहिलं हाय. गाडीत कोण होते ते इथं लिहीत नाही.

लेथवाला, दर्यापूर

काका, तुमच्या अनुभवापुढे मी लहान. पण एक दुरुस्ती करतो. डीआय कमी फेऱ्यांचं इंजिन आहे. मागचं क्राऊन तेच ठेवलं तर सपाटीवर गाडीचा सर्वात जास्त वेग वाढणार नाही, थोडा कमीच होईल. आणि सीसी जास्त असल्यामुळे त्याच गिअरात रोखून धरायची ताकदही थोडी जास्त मिळते.

धारणीचा जुना ड्रायव्हर

सपाटीवरचा वेग मी कुठं म्हटला? उतारावर वेग इंजिन देत नाही बाप्पा, उतार देते. आन् ती रोखायची ताकद गिअर खालचा असला तरच कामाची. प्रश्न हातातल्या गिअरचा हाय, त्या हाताले सवय कोणती लागते त्याचा हाय.

अमरावतीत आरटीओची कागदपत्रं करणारा

कायद्याची बाजू कोणीच मांडली नाही म्हणून लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीत, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रात, कंपनीच्या मूळ माहितीप्रमाणे जे लिहिलं आहे त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही आरसीत आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ नव्यानं लिहिलं गेलं. परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

त्याच प्रकारचं, त्याच मॉडेलचं इंजिन बदलायचं असेल तर आधी अर्ज, मग तपासणी, मग आरसीवर नोंद, असा रस्ता आहे. मोठ्या सीसीचं इंजिन ही वेगळी गोष्ट. ते कागदावर बसवून घेणं अवघड आहे, आणि कोणी पैसे घेऊन ‘होऊन जाईल’ म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तुमची गाडी माल वाहतुकीची, आठ वर्षांच्या वरची, म्हणजे दरवर्षी फिटनेसला जाणार. तिथं इंजिन नंबर बघतात.

आणि भंगाराची नुसती पावती पुरत नाही. ते इंजिन ज्या गाडीचं, तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद हवा. नाहीतर चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या अंगणात निघायचं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट या बदलावर ठेवेल. मग समोरच्याची भरपाई तुमच्या वावरातून वसूल होऊ शकते.

कास्तकाराचा पोरगा, दारव्हा

हे सगळं खरं असेल, पण मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. हीच कंपनी, हेच २५२३ चं इंजिन याच जातीच्या गाड्यांत नंतर स्वतः बसवत होती. कंपनीनं बसवलं तर सुरक्षित आणि कास्तकारानं बसवलं तर गुन्हा? आमच्या रस्त्यांवर दुप्पट माल भरलेल्या गाड्या रोज जातात, त्यांना कोणी अडवत नाही. आणि जो माणूस स्वतःच्या हातानं, विचारून, समजून काम करतो आहे त्याला आपण कलमं वाचून दाखवतो.

चांदूर बाजारची शिक्षिका

दादा, तुमचा राग मला समजतो, माझं माहेर कास्तकाराचंच आहे. पण कंपनीनं इंजिन बदललं तेव्हा नुसतं इंजिन बदललं नव्हतं. ब्रेक, पाटे, गिअर, सगळं त्या इंजिनाला तपासून मग गाडी रस्त्यावर आली. फरक तिथं आहे. कोणाच्या हातात पाना आहे यात नाही.

आणि अजून कोणीच न बोललेली गोष्ट. आपल्याकडे पिकअपमध्ये फक्त माल नसतो. लग्नाला, तेरवीला, बाजाराला मागं माणसं बसतात. माझ्या शाळेतल्या मुली शनिवारी अशाच गाडीनं वरच्या गावांना घरी जातात, कारण एसटी वेळेवर येत नाही. त्यांना इंजिन किती सीसीचं आहे हे माहीत नसतं. गाडी ओळखीच्या काकांची आहे एवढंच त्यांना माहीत असतं. म्हणून मी हात जोडून सांगते, आधी ब्रेक.

परतवाड्याचा कास्तकार

ताई, तुमचं लिहिलेलं घरात वाचून दाखवलं. माझी पुतणी अशीच येते शनिवारी.

काल दिवसभर इंजिनाला हात लावला नाही. चारही चाकं उघडली. मागच्या उजव्या ड्रमवर खोल चर पडली आहे, बोट अडकतं. एका व्हील सिलिंडरमधून तेल झिरपत होतं आणि लायनर ओले होते. म्हणजे ज्या गाडीला मी अजून जोर द्यायला निघालो होतो, ती आहे त्या जोरालाही नीट थांबत नव्हती. हे मला कळलं नाही, कारण ती हळू चालत होती. काका, तुमचं हेच म्हणणं होतं ना?

ड्रम उद्या दर्यापूरला टर्निंगला पाठवतो. मापात बसत नसतील तर नवे. होज, सिलिंडर, लायनर सगळे नवे. मेकॅनिक भाऊ, नोझल आणि पंपही काढून कॅलिब्रेशनला देतो, धूर किती कमी होतो ते बघू. डीआय इंजिन ताडपत्रीखाली ठेवलं आहे. ते विकणार नाही. ज्या गाडीचं आहे तिच्या कागदासाठी भंगारवाल्याकडे माणूस पाठवला आहे आणि सोमवारी आरटीओत लेखी विचारणार. नाही म्हणाले तर ते विहिरीवर जाईल, ट्रॅक्टर न लावता पंप चालवेल. तिथं आरसी लागत नाही.

पण माझं मत बदललं आहे असं समजू नका. आपल्या गाडीला आपण हात लावावा हे मला आजही तेवढंच पटतं. कालचे ड्रम मीच उघडले, म्हणून तर दिसले.

अमरावतीत आरटीओची कागदपत्रं करणारा

लेखी विचारा आणि पोच घ्या. उत्तर लेखीच मागा.

लेथवाला, दर्यापूर

ड्रम घेऊन या. चारही आणा, एक नको. एका बाजूचा टर्न केला आणि दुसरा तसाच ठेवला तर गाडी ब्रेकला बाजूला ओढते. माप तुमच्यासमोर घेतो. जास्त कातावे लागत असतील तर करून देणार नाही, नवेच घ्यायला सांगीन.

धारणीचा जुना ड्रायव्हर

हो, हेच म्हणत होतो भाऊ.

ब्रेकचं काम झालं की मले फोन कर. रिकामी गाडी नको, भरलेली आण. इंजिन कोणतंही असो, पहिल्या खेपेले घाट उतरताना मी बाजूले बसतो.