बहिणीच्या यजमानांचा अपघाती मृत्यू: कायद्याची बाजू कोणी समजावेल का?

नमस्कार मंडळी,

जड मनाने लिहितोय. पाच आठवड्यांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान अमेरिकेत महामार्गावरच्या अपघातात गेले. पुढे वाहतूक तुंबली होती, त्यांची गाडी थांबलेली होती, आणि मागून मालवाहू ट्रक आला. ते राहायचे त्या राज्यात नाही, शेजारच्या राज्यात हे घडलं. मुलं ८ आणि ३ वर्षांची आहेत.

ट्रकच्या विमा कंपनीचा ॲडजस्टर, म्हणजे दावे मिटवणारा माणूस, एक दिवसाआड फोन करतो. फार मऊ बोलतो. गेल्या आठवड्यात त्याने एक कागद पाठवला. त्यावर सही केली की दहा दिवसांत चेक, असं म्हणाला. मेहुण्यांचे थोरले भाऊ म्हणतात, सही करून मोकळं व्हा, कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालतात. बहीण म्हणते, ‘त्यांची किंमत मी कशी सांगू?’ आणि उठून आत निघून जाते.

मला यातलं काहीच कळत नाही. घाई करायची की थांबायचं?

एक भाऊ

*

सप्रेम नमस्कार.

वाचून फार वाईट वाटलं रे. आधी एवढंच कर: त्या कागदावर कोणीही सही करायची नाही. आजच बहिणीला आणि तिच्या दिरांना फोन करून सांग.

मी २६ वर्षं विमा कंपन्यांच्या क्लेम खात्यात काढली. म्हणजे तुझ्या बहिणीला फोन येतो ना, त्याच्या दुसऱ्या टोकाला मी असायचो. माणसं वाईट नसतात, पण त्यांचं काम कंपनीचे पैसे वाचवायचं असतं. तो कागद बहुतेक ‘रिलीज’ असेल. एकदा सही झाली की पुढे काहीही उघडकीस आलं तरी दावा संपला. ‘फक्त माहितीसाठी तुमचं बोलणं रेकॉर्ड करतो’ असं म्हणाला तर त्यालाही नाही म्हणायचं. उत्तर एकच: ‘आमचे वकील बोलतील.’

दुसरं, आणि हे मी सगळ्यांना कळकळीने सांगतो. पैसे किती याची चर्चा थांबू शकते, पुरावा थांबत नाही. अमेरिकेत केंद्रीय नियमांप्रमाणे ट्रक कंपनीला चालकाच्या कामाच्या तासांच्या नोंदी ६ महिनेच जपाव्या लागतात. त्यातले सव्वा तर गेलेच. चालक किती तास न झोपता गाडी चालवत होता, हे त्या नोंदींतून कळतं. ट्रकच्या इंजिनातल्या संगणकात शेवटच्या क्षणांचा वेग आणि ब्रेक लावल्याची नोंद असू शकते, पण ट्रक दुरुस्त होऊन रस्त्यावर आला की ती पुसली जाऊ शकते. कॅमेऱ्याचं चित्रण तर काही दिवसांतच जातं. म्हणून वकील पहिल्या दिवशी ट्रक कंपनीला पत्र धाडतो, की यातलं काहीही नष्ट करू नका. ते पत्र हातात पडल्यावर कंपनीने काही पुसलं, तर कोर्ट त्याची गंभीर दखल घेतं. मेहुण्यांची चेपलेली गाडी कुठल्या यार्डात पडली असेल, तीही भंगारात जाऊ देऊ नका. मी असे क्लेम पाहिलेत जिथे घरच्यांची बाजू शंभर टक्के खरी होती, आणि सिद्ध करायला एक कागद उरला नव्हता.

आता मुदत. कायदा बहुधा जिथे अपघात झाला त्या राज्याचा लागतो, म्हणून शेजारचं राज्य म्हणालास ते महत्त्वाचं आहे. कॅलिफोर्नियात, न्यूयॉर्कमध्ये, टेक्ससमध्ये मृत्यूच्या दाव्याला साधारण २ वर्षं मिळतात, टेनेसीत एकच. धडक देणारं वाहन सरकारी असेल तर कॅलिफोर्नियात आधी ६ महिन्यांत लेखी क्लेम द्यावा लागतो. तो राहिला तर पुढचा दावा बहुधा बारगळतोच. दुःखात आहोत म्हणून ही घड्याळं थांबत नाहीत.

दावे खरं तर दोन असतात, आणि लोक त्यात गल्लत करतात. एक घरच्यांचा, ज्याला ‘रॉंगफुल डेथ’ म्हणतात: त्यांची कमाई गेली, आधार गेला, मुलांचे वडील गेले. दुसरा गेलेल्या माणसाचाच, जो त्याच्या इस्टेटीतर्फे, म्हणजे त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतर्फे, चालतो. अपघात आणि मृत्यू यांच्या मधल्या काळातला दवाखान्याचा खर्च, काही राज्यांत त्याने सोसलेल्या वेदनाही, त्यात येतात. कोण दावा लावणार हेही राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात पत्नी आणि मुलं स्वतः लावू शकतात, न्यूयॉर्कमध्ये कोर्टाने नेमलेला इस्टेटीचा प्रतिनिधीच लावतो. दिरांनी परस्पर मिटवायचा हा विषय नाही. मुलं अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असल्यामुळे त्यांच्या वाट्याच्या तडजोडीला सहसा कोर्टाची मंजुरी लागते. ‘सही करा, दहा दिवसांत चेक’ यात ती कुठे बसते, ते त्या ॲडजस्टरला विचारा.

आणखी एक. मेहुणे कामासाठी प्रवास करत होते का? तसं असेल तर नोकरीच्या ठिकाणच्या वर्कर्स कॉम्पमधून, म्हणजे कामावरच्या अपघातांसाठीच्या विम्यातून, पत्नी-मुलांना वेगळा लाभ मिळतो. त्यामुळे मालकावर सहसा दावा लावता येत नाही, पण ट्रकवाल्यावर येतो.

वकिलाच्या फीची धास्ती नको. असे दावे इथे मिळालेल्या रकमेच्या हिश्शावर घेतात, बरेचदा एक तृतीयांश. हरलात तर फी नाही, मात्र कोर्टाचा आणि तज्ज्ञांचा खर्च कोणाच्या अंगावर ते करारात वाचून घ्या. दोघातिघांना भेटा, आणि आजवर ट्रकचे किती दावे चालवलेत ते थेट विचारा.

तुझा,
क्लेमवाले काका

*

काकांच्या मेलला जोडून, इंग्लंडमधून.

आमच्याकडे मुदत ३ वर्षांची आहे, आणि दुःखासाठी म्हणून ठरलेली एकच रक्कम आहे: १५,१२० पौंड. तीही पती किंवा पत्नीला, दोन वर्षं एकत्र राहिलेल्या जोडीदाराला, किंवा अविवाहित अज्ञान मुलाच्या आईवडिलांना. सज्ञान मुलगा गेला तर आईबापांच्या दुःखाला शून्य. मला हे अन्यायाचं वाटतं. कमाईचं नुकसान वेगळं मोजतात. स्कॉटलंडचा कायदा निराळा, तिथे दुःखाला अशी ठरलेली रक्कम नाही.

ताईंच्या ‘किंमत कशी सांगू’ या प्रश्नावरून आठवलं. १८०८ साली इंग्लंडमध्ये एका घोडागाडीच्या अपघातात एका माणसाची बायको गेली. ती जिवंत होती तेवढ्या दिवसांचीच भरपाई त्याला मिळाली, कारण माणसाच्या मृत्यूबद्दल दिवाणी दावाच लावता येत नाही असं न्यायाधीशांनी ठरवलं. जखमी केलं तर पैसे द्यायचे, जीव गेला तर काहीच नाही. रेल्वेच्या अपघातांत माणसं मरू लागल्यावर १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्बेल यांच्या पुढाकाराने कायदा आला आणि मागे राहिलेल्यांना दावा लावायची वाट मिळाली. भारतातही १८५५ साली तसाच कायदा झाला. हा दावा गेलेल्याची किंमत लावायला नाही, मागे राहिलेल्यांसाठीच आणलेला आहे. ताईंना एवढं जरूर सांगा.

*

दादा,

मी सहसा या मेलिंग लिस्टवर लिहीत नाही. माझे यजमान नऊ वर्षांपूर्वी एका इस्पितळात गेले. जाऊ नये तसे गेले. म्हणून ताईंसाठी लिहिते.

मलाही पैशाचा विषय निघाला की शिसारी यायची. मग वकीलबाईंनी मला वही दिली आणि म्हणाल्या, ते घरात काय काय करायचे ते लिही. शाळेत सोडणं, रात्री ताप बघणं, टॅक्स भरणं, थोरलीला गणित शिकवणं. चाळीस पानं झाली. त्या दिवशी मला कळलं की मी किंमत मागत नाहीये, जे नाहीसं झालं ते कोणाला तरी मोजून दाखवते आहे. ताईंना वही द्या. आत्ता नको, महिनाभराने द्या.

व्यवहाराचं सांगते. लग्नाच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि यजमानांच्या जन्मदाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. पत्नी मीच हे सिद्ध करायला पाच महिने गेले. भारतातले दाखले आजच काढायला लावा आणि त्यांवर ॲपोस्टिल (परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का) करून घ्या. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा-बारा प्रती घ्या, प्रत्येक ठिकाणी मूळ मागतात.

सासूसासऱ्यांशी सुरुवातीलाच बोला. वकील एका बैठकीत दोन्ही बाजूंना समजावू शकतो. आमच्याकडे ते झालं नाही, आणि दीर आजही बोलत नाहीत. ताई जर यजमानांच्या व्हिसावर असतील, तर त्याचा वकील वेगळा गाठा, आणि या दाव्याच्याही आधी.

मुलांचा वाटा कोर्टाने बंद खात्यात ठेवला, १८ वर्षांपर्यंत. तेव्हा राग आला होता. आता बरं वाटतं.

*

काका, ताई, सगळ्यांचे आभार.

सही थांबवली. दिरांना काकांचा मेल वाचून दाखवला, ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले वकिलाकडे मीही येतो. दोन वकिलांची वेळ घेतली आहे.

एक शंका. पोलिसांनी चालकावर गुन्हा नोंदवला आहे. तो सुटला तर आमचा दावाही गेला का? आणि त्या दिवशी मेहुण्यांच्या गाडीचं नेमकं काय झालं होतं म्हणजे…

*

थांब, पुढचं इथे लिहू नकोस. दावा लागला की समोरचे वकील मेल, मेसेज, फेसबुक सगळं मागवू शकतात. ही लिस्टसुद्धा. बहिणीलाही सांग, अपघाताबद्दल कुठेही एक ओळ टाकू नको. काही राज्यांत, व्हर्जिनिया, मेरीलँड वगैरे, गेलेल्या माणसाची थोडीशी चूक दाखवता आली तरी सगळा दावा बुडतो. बाकी बहुतेक राज्यांत रक्कम त्या प्रमाणात कमी होते.

गुन्ह्याचं उत्तर: नाही, दावा जात नाही. फौजदारीत गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, दिवाणीत पारडं तुमच्याकडे झुकलं तरी पुरतं. अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन १९९५ मध्ये माजी पत्नी आणि तिच्या मित्राच्या खुनाच्या खटल्यात सुटला आणि १९९७ मध्ये दिवाणी ज्यूरीने त्यालाच त्या मृत्यूंना जबाबदार धरून ३ कोटी ३५ लाख डॉलरची भरपाई ठरवली. उलट चालक दोषी ठरला तर तुमचं काम सोपं होईल. पण त्या खटल्याच्या निकालाची वाट बघत बसू नका, तुमची मुदत सहसा त्यासाठी थांबत नाही.

वकिलाकडे जाताना पोलीस रिपोर्ट, तो रिलीजचा कागद, ॲडजस्टरच्या फोनच्या तारखा, मेहुण्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि तीन वर्षांचे टॅक्सचे कागद घेऊन जा. बाकी आज रात्री मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

काका