म्हाताऱ्या मांजरीला सांध्यांचं पातळ औषध पाजायचं कसं?

ठमीची बाई, डोंबिवली

नमस्कार मंडळी. प्रश्न मांजरीचा आहे. "त्यापेक्षा माणसांची सेवा करा" असं लिहायला येणार असाल तर राहू द्या, ते आमच्याकडे सासूबाई रोज सकाळी म्हणतातच.

आमची ठमी १४ वर्षांची. कबरी, साडेचार किलोची, ऑपरेशन झालेली, जन्मभर घरातच. गेल्या पावसाळ्यापासून ओट्यावर उडी बंद. खाली बसून वर बघते, बूड हलवून अंदाज घेते आणि मग जणू तिथे जायचंच नव्हतं अशा थाटात निघून जाते. स्टूल ठेवलं की त्यावरून चढते. शेपटीच्या वर पाठीवर केसांचे गठ्ठे झालेत, कारण तिथवर तोंडच वळत नाही. नखं वाढून गोधडीत अडकतात. ट्रेमध्ये खाली न बसता उभ्यानेच शू करते, त्यामुळे निम्मी फरशीवर. लंगडत मात्र नाही, म्हणून घरात सगळ्यांचं एकमत: वय झालं. मला ते पटेना.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. दोन्ही कोपरं आणि कमरेकडचे मणके झिजलेत. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारा आकडा) किंचित वर. त्यांनी सांध्यांचं लिक्विड सप्लिमेंट दिलं, ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, एमएसएम असलेलं, रोज २ मिली. बाटलीवर फोटो लॅब्रॅडॉरचा आणि खाली बारीक अक्षरात "कुत्रे व मांजरांसाठी". फ्लेवर चिकनचा, असं बाटलीचं म्हणणं.

आता रोजचं नाटक ऐका. मिस्टर टॉवेलमध्ये गुंडाळून धरतात, मी ५ मिलीच्या सिरिंजने तोंडात सोडते, ती तोंडाला फेस आणते, अर्धं औषध माझ्या गाऊनवर, आणि बाईसाहेब दुपारपर्यंत दिवाणाखाली. हल्ली तर औषधांचा ड्रॉवर नुसता करकरला तरी पळते. मांदेलीच्या पाण्यात मिसळून दिलं तर तिने मांदेलीच सोडली! हे मला जास्त लागलंय. म्हातारी मांजर, त्यात आवडीचं एकच खाणं.

पाजायची काही सोपी रीत आहे का? आणि मुळात या बाटलीचा उपयोग होतो, की मी तिचा आणि माझा जीव उगाच खातेय? कुणी महिनोन् महिने दिलं असेल तर खरं सांगा.

---

हुपरीची मावशी

ताई, आधी ती सिरिंज बदला. मेडिकलमधून १ मिलीची, सुई नसलेली घ्या. ५ मिलीचा दट्ट्या अडकतो, मग जोर लावला की सगळं भस्सकन घशात जातं. मांजराला राग त्याचाच येतो.

माझ्याकडे सध्या सात आहेत, त्यातली तीन म्हातारी. टॉवेल मी भांडखोरांसाठीच काढते. बाकीच्यांना मांडीवर माझ्याकडे पाठ करून बसवायचं. समोरून चाल करून गेलात की ते पळणारच. डाव्या हाताने हनुवटी नुसती आधाराला धरायची, मान वर करायची नाही. सिरिंज बाजूने, सुळ्याच्या मागे दात नसतात त्या फटीतून, गालाच्या आत. एका वेळी पाव मिलीपेक्षा कमी. ते चाटून गिळेल, मग पुढचं. मान वर करून पाजलं तर श्वासनलिकेत जायची भीती असते, आणि तेलकट औषध असेल तर ते फुप्फुसात जाणं फार वाईट.

फेसाला घाबरू नका. चव आवडली नाही की मांजरं तसा फेस काढतातच, विषबाधा नव्हे. पण पाजल्यावर खोकली, धाप लागली किंवा दुसऱ्या दिवशी सुस्त वाटली तर दवाखाना गाठा.

आणि आठवडाभर औषध बंद ठेवा. सांध्याचं सप्लिमेंट आहे, आठ दिवसांनी काही बिघडत नाही (डॉक्टरांना फोन करून विचारा, बंद करण्याआधी). त्या आठवड्यात रिकाम्या सिरिंजच्या टोकाला चिकनचं अळणी पाणी लावून नुसतं चाटू द्या. ते पाऊचमधलं क्रीमी ट्रीट मिळतं, ते लावलं तर आणखी बरं. ड्रॉवरमध्ये सिरिंज ठेवू नका, जागा बदला. मांदेलीत तर परत कधीच काही घालू नका. औषधाचं खाणं वेगळ्या बशीत, चमचाभर, भूक लागलेली असताना. पहिल्या दिवशी दोन थेंब, मग वाढवत न्यायचं. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको, त्याने मांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

---

पशुवैद्य, अमरावती

मावशींनी पाजायची रीत बरोबर सांगितली. मी उपयोगाबद्दल लिहितो. डोस सांगणार नाही, तो ठमीला हात लावलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

लंगडत नाही म्हणून दुखत नाही, असं मांजरात होत नाही. कुत्र्याचा सहसा एक पाय जास्त दुखतो, म्हणून तो लंगडतो. मांजराचे बहुधा दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच दुखतात, मग लंगडणार कुठल्या पायावर? ते हालचालच कमी करतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, ९० जणांत सांधे किंवा मणके झिजल्याच्या खुणा होत्या. २००२ची गोष्ट आहे. तुम्ही जे उडी, केस, नखं, ट्रे सांगितलंत, ते आम्ही तपासणीत विचारतो त्या प्रश्नांचंच उत्तर आहे.

आता बाटली. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनने कुत्र्यामांजरांचं दुखणं कमी होतं याला पुरावा फार तोकडा आहे. २०२२ मध्ये माँट्रियल विद्यापीठाच्या मंडळींनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ओमेगा-३ चा उपयोग दिसला आणि ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा दिसला नाही. मीही ते लिहून देतो, नाकारत नाही. पण मांजर त्यापायी जेवण सोडत असेल तर मी बाटली आधी बंद करायला सांगेन. म्हाताऱ्या मांजराचं पोट भरणं त्याहून महत्त्वाचं.

ओमेगा-३ म्हणजे माशाचं तेल. जवस चालणार नाही, जवसातल्या ओमेगा-३ पासून ईपीए-डीएचए (माशाच्या तेलातली कामाची ओमेगा-३) बनवणं मांजराच्या शरीराला जवळजवळ जमत नाही. कॉड लिव्हर ऑइलही नको, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं आणि अ जास्त साचलं तर मांजराच्या मानेचे मणके एकमेकांना जोडले जातात. म्हणजे सांधे सुधारायला गेलो आणि मान आखडली. कॅप्सूलवर १००० मिग्रॅ लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० एवढंच निघतं. डॉक्टर हिशोब या दोन आकड्यांवर करतात. जास्त झालं तर जुलाब.

कुत्रा-मांजर दोघांसाठीची बाटली असेल तर घटक वाचा. प्रोपिलीन ग्लायकॉल दिसलं तर परत करा. कुत्र्यांना ते चालतं, मांजरांच्या लाल पेशींना त्याने इजा होते. अमेरिकेत मांजरांच्या खाद्यात ते घालायला १९९६ पासून बंदी आहे.

दुखणं खरंच जास्त असेल तर सप्लिमेंटवर थांबू नका, वेदनाशामकाबद्दल विचारा. मेलॉक्सिकॅमचं पातळ औषध मांजरांना देतात, क्रिएटिनिन किंचित वर असलं तरी काही वेळा, कमी डोसात आणि रक्त तपासत राहून. पण कुत्र्यांचं सहसा मिलीला १.५ मिग्रॅचं येतं आणि मांजरांचं ०.५ चं, तिप्पट फरक. शेजाऱ्याच्या कुत्र्याची उरलेली बाटली आणून द्यायची नाही. आणि पॅरासिटॅमॉल, क्रोसिन, लहान मुलांचं सिरप: थेंबभरही नाही. मांजराच्या यकृताला ते निकामी करून बाहेर टाकता येत नाही. अर्ध्या गोळीने मांजर दगावू शकतं.

---

निवांत_पेन्शनर

एवढं कशाला? आमच्याकडे रात्री हळद घालून दूध आणि सांध्यांना महानारायण तेल. माझे गुडघे त्यावरच चालतात. मांजरालाही चोळून बघा.

---

पशुवैद्य, अमरावती

काका, तुमचे गुडघे तुम्ही चाटत नाही. मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटून पोटात घालतं. अशा तेलांत कापूर असू शकतो आणि कापूर, निलगिरी, विंटरग्रीन ही मांजराला विषारीच. दुधाने बहुतेक मोठ्या मांजरांना जुलाब होतात, हळद असो वा नसो.

---

लेस्टरवासी

मूळची नाशिकची, आता इंग्लंडात. आमच्या १५ वर्षांच्या बोक्याने लिक्विड थुंकून थुंकून भिंत रंगवली. शेवटी व्हेटने महिन्यातून एकदा कातडीखाली द्यायचं इंजेक्शन सुरू केलं, फ्रुनेव्हेटमॅब नाव. वेदनेचा निरोप नेणाऱ्या एका प्रथिनाला ते धरून ठेवतं. युरोपात २०२१ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं. आमच्याला दुसऱ्या इंजेक्शननंतर फरक कळला, पुन्हा जिना चढून माझ्या उशीवर यायला लागला. मानेला खाज सुटली, ती त्याचा माहितीतला दुष्परिणाम आहे, आमचं सुरू राहिलं. महाग आहे. तिकडे मिळतं का ते डॉक्टरांनाच विचार.

फुकटातलं सांगते. ट्रेची एक बाजू कापून बुटकी कर, किंवा सरळ बेकिंग ट्रे वापर. खिडकीपाशी पाट, त्यापुढे चौरंग, असा जिना. गुळगुळीत फरशीवर जुनं पायपुसणं टाक, घसरण्याच्या भीतीनेच ती उडी टाळत असेल. नखं दर दोन-तीन आठवड्यांनी काप. पाठीवरच्या गाठी कात्रीने कापायला जाऊ नकोस, कातडी फार पातळ असते, दवाखान्यात मशीनने काढून घे.

---

ठमीची बाई, डोंबिवली

सगळ्यांचे आभार, काकांचेसुद्धा. बाटली फिरवून भिंगाने वाचली. ग्लिसरीन, सॉर्बिटॉल आणि मग तेच, प्रोपिलीन ग्लायकॉल. डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी बंद करायला सांगितलं आणि शनिवारी बोलावलंय. माशाच्या तेलाचा डोस आणि वेदनाशामक दोन्ही विचारणार आहे. मिस्टरांनी ट्रेची बाजू हेक्सॉ ब्लेडने कापली, कड घासली, काम झकास. चौरंगावर मात्र ठमीच्या आधी सासूबाईंची पोथी होती, त्यावर अजून वाटाघाटी चालू आहेत.

रात्री सिरिंज न दाखवता मांदेली दिली. दोन खाल्ल्या.

डॉक्टरसाहेब, एक शेवटचं. तेलापेक्षा उकडलेला बांगडाच रोज दिला तर? तेल त्यातही असतंच की.

---

पशुवैद्य, अमरावती

असतं, पण रोज नको. तेलकट माशांवरच वाढवलं तर मांजरात ई जीवनसत्त्व कमी पडून कातडीखालची चरबी सुजते, हात लावला तरी ओरडतं. आठवड्यातून एक-दोनदा, अळणी उकडून, काटे काढून, तिच्या नेहमीच्या खाद्याबरोबर. मांदेलीही शिजवूनच द्या, कच्ची नको. आणि नुसत्या मांदेलीवर १४ वर्षं काढली असतील असं वाटत नाही, पण तसं असेल तर शनिवारी तेही सांगा. क्रिएटिनिनबरोबर लघवीची तपासणी करून घ्या, नमुना सकाळचा न्या.