मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एकच, मग जाण्यायेण्याच्या वेळेत दोन तासांचा फरक कसा?

सातारकर : नमस्कार. मुलीकडे न्यू जर्सीला जायचे असल्याने मुंबई–न्यूयॉर्क थेट विमानांच्या वेळा पाहत होतो. अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर धरला, तर प्रवास 14 तासांचा व्हायला हवा. प्रत्यक्षात जाताना जवळपास 16 आणि येताना 14 तास दाखवतात. शिवाय भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला दिसत असताना विमान उत्तरेकडे का वळते, याचाही जाणकारांनी खुलासा करावा.

नकाशावेडा : सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया असे करत जाते आणि सुमारे 14,200 किलोमीटर भरते. पृथ्वीगोलावर याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो मध्य आशिया, रशिया, आइसलँड आणि ग्रीनलँडचे दक्षिण टोक यांच्या आसपासून जातो. आपण दिलेले 12,500 किलोमीटर हे या दोऱ्याचे अंतर आहे. मात्र विमान तंतोतंत त्यावरून जाईलच असे नाही, कारण एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि 2022 पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. वळसा पडला की वेळ आणि इंधन दोन्ही वाढतात.

वाराप्रेमी : वेळेतल्या फरकाचे मुख्य कारण वारा आहे. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमाने उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. ताशी 900 हा वेग भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो, जमिनीच्या नव्हे. त्याच 12,500 ला 16 ने भागले तर ताशी सुमारे 780 येतात आणि 14 ने भागले तर 890. अर्थात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याचा वेळही यात धरलेला असतो. परतताना हा प्रवाह पाठीशी मिळावा म्हणून वैमानिक थोडा लांबचा मार्गही आनंदाने पत्करतात, आणि अटलांटिकवरचे मार्ग तर वारा पाहून रोज नव्याने आखले जातात.

एडिसनकर : तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, हे ध्यानात ठेवावे. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा तास. त्यामुळे जूनमध्ये मुंबईहून रात्री दीडला निघालेले विमान 16 तास उडून त्याच तारखेला सकाळी आठला उतरते. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील, तर त्या घड्याळ पाहून घ्यायच्या की उलटलेले तास मोजून, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.